सुक्या हाताचा नियम

माझ्या थोरल्याला साखरेचा आजार झाला, हे वाईटच झालं. पण आजार झाल्यावर माणसाने आजाऱ्यासारखं वागावं की नाही? हा आजारी पडला नाही, साहेब झाला.

दवाखान्यातून येताना गोळ्या, बोट टोचायचं यंत्र आणि डोक्यात हवा घेऊन आला. तोवर या घरात सासू एकच होती, मी. त्या दिवसापासून दोन झाल्या. दुसरी तळहातावर मावते, तोंडात पट्टी घातली की बोलते आणि तिच्या शब्दापुढे माझं काही चालत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते साधंच होतं. जेवणाचा पहिला घास घेतला की दोन तासांनी बोट टोचायचं. आकडा एकशे ऐंशीच्या आत राहिला तर गोळ्यांवर भागेल. पुढच्या भेटीपर्यंत वरच राहिला तर इन्सुलिनची सुई, रोज, पोटात. हे ऐकून थोरल्याचा चेहरा न भाजलेल्या पावासारखा झाला. लहानपणी शाळेत लस टोचायला आले, तेव्हा हा आमच्या मैद्याच्या पोत्यांमागे जाऊन लपला होता. आता स्वतःच पोत्याएवढा झालाय, पण सुईची भीती तेवढीच आहे.

आमची बेकरी. खाली दुकान आणि भट्टी, वर आम्ही. थोरला केक सजवतो, आणि खोटं कशाला बोलू, त्याच्यासारखी क्रीमची फुलं काढणारा दुसरा मी बघितला नाही. त्याला शिकवलं मी. त्या टेबलाचा नियमही माझाच: क्रीमच्या कामाला ओला हात लावायचा नाही. पाण्याचा थेंब पडला की पिठीसाखरेच्या गुठळ्या होतात आणि फुलं ओघळतात. म्हणून टेबलाच्या पायाला सुकं फडकं बांधलेलं असतं. हात त्याला पुसायचा आणि पुढचं काम धरायचं. नळ काम आटोपल्यावर. इतकी वर्षं आमचा एक केक कधी रडला नाही, तो या नियमामुळे.

तर जेवणानंतरच्या दोन तासांचा थोरल्याच्या मोबाइलचा गजर दुपारी टेबलाशीच वाजायचा. वाजला की सगळ्यांनी गप्प बसायचं, जसं काही न्यायाधीश खुर्चीत बसणार आहेत. हा फडक्याला हात पुसायचा, डोळे मिटून बोट टोचायचा, थेंब पट्टीला लावायचा, आणि मग एक डोळा उघडायचा.

दोनशे नव्वद. तीनशे दहा. एकदा तीनशे चाळीस.

सकाळी अंघोळ करून उपाशीपोटी बघितलेला आकडा मात्र शहाण्या मुलासारखा. मग साहेबांनी हिशोब लावला.

"सकाळी ठीक असतं, जेवल्यावर बिघडतं," तो म्हणाला. "म्हणजे बिघाड जेवणात आहे."

"आणि जेवण कोण करतं?" सूनबाईने विचारलं.

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

"घ्यायला दुसरं आहे कोण? भट्टी?"

नाचता येईना अंगण वाकडं, तसं बिचारीच्या स्वयंपाकाला रोज नाव ठेवणं सुरू झालं. तिने तेल कमी केलं. बटाटा बंद केला. भात बंद केला. शेवटी ताटात एक उकडलेलं अंडं आणि काकडी उरली, तरी आकडा तीनशेच्या घरात. थोरला म्हणाला, काकडी गोड निघाली असेल. सूनबाईने सुरी जरा जोरात खाली ठेवली, एवढंच. माझी सून कमी बोलते, पण भांडी तिच्यावतीने बोलतात.

घरात हे, आणि दुकानात त्याहून वरताण. एक बाई मुलीच्या वाढदिवसाचा केक सांगायला आली. थोरल्याने विचारलं, "खाणारे किती?" ती म्हणाली, "पंधरा-वीस." तर हा म्हणतो, "जेवल्यावर दोन तासांनी कधी आकडा बघितलाय का तुम्ही? बघा. मग केक घ्यायचा की नाही ते ठरवा." बाईने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा याच्या पोटाकडे बघितलं, आणि समोरच्या दुकानात गेली. खाटकाने गिऱ्हाइकाला जीवदया शिकवावी आणि वर सुरी परजत बसावं, तशातली गत.

मी हे सगळं सोसलं. पण मग एका दुपारी तो भट्टीसमोर गरम ट्रे घेऊन उभा असताना डुलला. ट्रे सुटला, पाव जमिनीवर, आणि हा भट्टीच्या दारापासून हातभर अंतरावर मटकन खाली बसला. चेहऱ्यावर घाम, ओठ पांढरे. सूनबाईने धरून त्याला मागे ओढलं. मला आयुष्यात फारशी भीती वाटली नाही, ती त्या दिवशी वाटली. इन्सुलिनच्या भीतीने हा दिवसाला एका काकडीवर जगत होता, आणि आकडा होता तिथेच होता.

"आता सुई आलीच," तो बसल्या बसल्या म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. एवढा बाप्या माणूस.

मी म्हटलं, "आण ते यंत्र इकडे. माझं बोट टोच."

"तुझं कशाला?"

"मी दुपारी पोटभर जेवले, वर दोन बिस्किटं खाल्ली. मला कितीचा आकडा देते ते बघू दे तुझी देवी."

मी तेव्हा बिस्किटं पिठीसाखरेत घोळवत होते. फडक्याला हात पुसला आणि बोट पुढे केलं. टोचलं, थेंब आला, यंत्राने जरा विचार केला.

चारशे साठ.

खरं सांगते, माझ्या मेल्या मुलाला ते बघून बरं वाटलं. मघाशी रडत होता, तो उठून उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "तुला माझ्यापेक्षा जास्त आहे. हे खानदानी आहे. माझा दोष नाहीच यात."

संध्याकाळी माझ्या चहातली साखर गेली. रात्री माझ्या ताटात काकडी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना हा सांगत होता, "आईचं जरा जपावं लागतंय." मला, जिला कधी साधा ताप आला तरी तो मला विचारून आला. मी चष्मा लावला, सूनबाईला म्हटलं, "चल," आणि दवाखाना गाठला.

तिथली नर्स तरुण होती, पण बोलायला माझ्याच शाळेतली.

"आजी, आधी हात धुवा. तिकडे साबण आहे."

"माझे हात स्वच्छ आहेत. आमचा खाण्याचा धंदा आहे."

"असू दे. मी सगळ्यांनाच सांगते. मंत्री आला तरी सांगेन."

मी धुतले. पुसले. तिने टोचलं.

एकशे बत्तीस.

"हे यंत्र बिघडलंय," मी म्हटलं. "काल घरी चारशे साठ होती."

नर्सने माझ्याकडे बघितलं, मग सूनबाईकडे. "टोचायच्या आधी काय करत होतात?"

"बिस्किटांना साखर लावत होते."

"मग आजी, यंत्राने त्या साखरेचाच आकडा सांगितला. बोटाला कण जरी चिकटलेला असला तरी तो थेंबात उतरतो. नुसता पुसून जात नाही, धुवावाच लागतो. तुमच्या मुलालाही मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं."

मी सूनबाईकडे वळले.

"सांगितलं होतं," सूनबाई म्हणाली. "मी होते तिथे. तेव्हा हे म्हणाले, आम्ही गावाला खाऊ घालतो, आम्हाला हात धुवायला काय शिकवता."

"आणि तू घरी बोलली नाहीस?"

"दोनदा बोलले. दोन्ही वेळा म्हणाले, टेबलाशी ओला हात चालत नाही, आईचा नियम आहे."

माझा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. पण तो केकसाठी आहे. रक्ताला क्रीमची फुलं काढायची नसतात, एवढं कळायला तरी अक्कल लागते, आणि ती मी फडक्याबरोबर टेबलाला बांधून ठेवली नव्हती.

घरी आलो. मी थोरल्याला टेबलावरून उठवलं आणि वर नेऊन ताटावर बसवलं. सूनबाईने पूर्वी करायची तशी भाजी, डाळ, थोडा भात वाढला. तो भाताकडे असा बघत होता, जसं ताटात साप वाढलाय.

"यावर आकडा पाचशेला जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे. गिळ."

दोन तास त्याला टेबलाशी फिरकू दिलं नाही. मोबाइल वाजला तशी मी त्याला कॉलर धरून गॅलरीतल्या नळाशी नेलं आणि दोन्ही हातांना साबण लावला, लहानपणी लावायचे तसा, नखांपर्यंत. तो कुरकुरत होता, "आई, खालून लोक बघतायत." बघू दे म्हटलं, फुकट आहे. हात कोरडे केले आणि सूनबाईने टोचलं. तिने जरा खोल टोचलं असेल. मी तेवढ्यात नळ बंद करत होते.

एकशे अडुसष्ट.

थोरल्याने दोन्ही डोळे उघडले. यंत्र उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते बघून मला वाटलं, आता हा बायकोला दोन शब्द चांगले बोलेल.

"म्हणजे मला आजारच नाही," तो म्हणाला. "उगाच महिनाभर काकडी खाल्ली." आणि जिना उतरून दुकानात गेला, काचेच्या कपाटातून क्रीमचा तुकडा काढून हातात घेतला. सूनबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून बघत होती. गिऱ्हाइकंही होती, मोजून चार. मी त्यांच्यादेखतच बोलले.

"ठेव तो खाली. आजार तुला आहे. पहिल्या दिवशी तुझं रक्त काढलं ते कोपराच्या शिरेतून, तिथे काही पिठीसाखर लागलेली नव्हती. आज आकडा खाली आला तो डॉक्टरच्या गोळीने आणि हिच्या हातच्या जेवणाने, आणि तू महिनाभर शिव्या घातल्यास त्याच हाताला. सुई टळली तर तिच्यामुळे टळेल. आजपासून तुझं बोट ती टोचेल, नळाशी, साबण लावून. माझ्या चहात साखर परत येईल. आणि एक लक्षात ठेव. स्वतःचं बोट धुतल्याशिवाय या घरात कुणाच्या ताटाकडे ते दाखवायचं नाही."