पाहुण्यांचं मीठ

अकरा वर्षांपूर्वी बुधाजीने दारू सोडली, गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारूपाठोपाठ मासळीही सोडली. आगऱ्याने म्हावरं सोडलं म्हटल्यावर खारेपाटातल्या त्याच्या गावाने विश्वासच ठेवला नाही. आठ दिवस टिकेल, असं जो तो बोलून गेला. त्या आठ दिवसांची अकरा वर्षं झाली. तर असा हा माळकरी बुधाजी एप्रिलातल्या एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला बरोबर घेऊन, रेवदंड्याला बिअर चाखायला निघाला होता.

चूक सगळी त्या फोनची. रेवदंड्याला बिअर बनवणाऱ्या सलिलशेटचा फोन आला तेव्हा बुधाजी मिठागराच्या बांधावर उभा होता आणि वारा कानात घुसत होता. "काका, मिठाची बिअर तयार आहे," शेट सांगत होते. "एकीत तुमचं मीठ, एकीत दुकानातलं. पण खरं सांगू? मला फरक कळत नाही. तुम्ही येऊन चाखा. तुम्ही म्हणाल ते खरं." बुधाजी म्हणाला, "येतो की!" फोन खिशात टाकताना हात छातीला लागला, आणि मग त्याला माळ आठवली.

नाही म्हणायची सोय नव्हती. पोरगा निकेत, ट्रकच्या धंद्यात चार पैसे बघितलेला, मिठागराचे कोळंबीचे तलाव करायचे म्हणून बसला होता. त्याचंही काही चुकत नव्हतं. उन्हात पाय सोलवटून काढलेलं मीठ आता घेतो कोण? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, इथे तर कुठेच विकत नव्हतं. सोमवारी जेसीबी येऊन बांध फोडणार होता. बापाचं तोंड बघून निकेत एवढंच म्हणाला होता, "सलिलशेटने तुजं मीठ घेतलं, तर मिठाचे पुढचे चार वाफे तुला ठेवतो. न्हायतर न्हाय." आणि आज शुक्रवार होता.

म्हणून बुधाजीने एक युक्ती काढली होती. चव बायकोने, जनीने घ्यायची. या युक्तीत खोट एवढीच, की ती त्याने जनीला सांगितली नव्हती. नवऱ्याच्या दारूपायी निम्मा जन्म जळलेल्या बाईला 'चल, तुला बिअर पाजतो' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने सांगितलं, शेटची वाडी बघू, समुद्र बघू, येऊ.

जनी गाडीत खिडकीशी बसली होती. तिला एसटी लागते, म्हणून ती नेहमी पिशवीत कैरीच्या फोडी आणि मिठाची पुडी ठेवते. आज अलिबाग येईपर्यंत तिने कैरी काढली नाही, नुसती पुडी मुठीत धरून खिडकीबाहेर बघत राहिली. बुधाजीला वाटलं, हिला वास आला बहुतेक युक्तीचा. अलिबागला उतरून दोघं रिक्षात बसली.

सलिलशेटची वाडी रेवदंड्याच्या बाजारापासून जवळच. नारळी-पोफळीच्या सावलीत वाडवडिलांचं जुनं कोठार होतं, तिथे पुण्याची नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थाने जांभळाची वाइन आणि नाना तऱ्हेच्या बिअरी चाखायची खोली काढली होती. दारावर 'चवघर' अशी पाटी. आत औषधाच्या मापासारखे छोटे छोटे ग्लास आणि पांढरा एप्रन घातलेली प्राप्ती नावाची मुलगी, यामुळे गावात त्या खोलीला 'बिअरचा दवाखाना' म्हणत. पेशंटही होतेच. मुंबईचं एक जोडपं खिडकीशी बसून जांभळाची वाइन जिभेवर घोळवत होतं आणि मग शेजारच्या भांड्यात थुंकून टाकत होतं.

"टाकतान का?" जनी पदर नाकाला लावून कुजबुजली.

"चव घेतात, काकू. प्यायचीच असते असं नाही," प्राप्ती म्हणाली.

जनीने त्या भांड्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघितलं. अशी दारूही जगात असते आणि आपल्या वाट्याला ती का आली नाही, असा तो सरळ प्रश्न होता. बुधाजी छतावरची कौलं मोजू लागला.

सलिलशेट आले. चाळिशीचा, चष्मेवाला, हसरा माणूस. त्यांनी हात जोडले, काकूंना पंख्याखाली बसवलं आणि दोन ग्लास पुढे ठेवले. "घ्या काका. कुठलं तुमचं, सांगा."

आता आली का पंचाईत! बुधाजीने कॉलरमधून माळ बाहेर काढून दाखवली. शेटनी कपाळाला हात लावला. "अहो, मग फोनवर बोलायचं नाही का?"

"मी न्हाय घेत. ही घेल," बुधाजी म्हणाला आणि बायकोकडे न बघता पुढचं एका दमात सांगून टाकलं. "जने, घोटभर घे. चालीस वर्सां आपलं मीठ तुज्या हातातनं जेवनात गेलंय. तुज्यापेक्षा कोन वलखेल? चार वाफ्यांचा सवाल हाय गो."

जनीने पदर नाकावर आणखी घट्ट धरला. प्राप्तीने पुसता पुसता फडकं थांबवलं. बुधाजीला वाटलं, आता जनी उठणार, आणि उठली तर त्याला काही म्हणायचा हक्क नव्हता. पण तिने पदर नाकावरून काढला, पहिला ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि काढा प्यावा तसा डोळे मिटून घोट घेतला. तोंड वाकडं झालं. मग दुसरा. ग्लास खाली ठेवून तिने ओठ पुसले.

"कनचं?" बुधाजी पुढे वाकला.

"कनचंच न्हाय."

"काकू, यात आहे हो," सलिलशेटनी डावीकडचा ग्लास पुढे सारला. "निकेतने आणलेल्या गोणीतलं मीठ मी स्वतः घातलंय."

"गोनी आमचीच," जनी म्हणाली. "मीठ आमचं न्हाय." आणि तिने मान खाली घातली. "मी बदललं."

खिडकीतलं जोडपंसुद्धा वळून बघायला लागलं. जनी जमिनीकडे बघत सांगत गेली. निकेतने गोणी टेम्पोत चढवायच्या आदल्या दिवशी तिने ती उघडून बघितली. मीठ करडं, काळपट, मधे चिखलाची कणी. एवढा मोठा बागायतदार माणूस, शिकलेला, पहिल्यांदा आपल्या घरचं काही मागतोय, आणि त्याला काय हे द्यायचं? "मना लाज वाटली. मी बाजारातनं पांढरं मीठ आनलं, त्याच गोनीत भरलं, तोंड शिवलं. पावन्याला पांढरंच द्यावं ना?"

सलिलशेट हसावं की रडावं अशा चेहऱ्याने उभे राहिले. "म्हणजे गेला महिनाभर मी दुकानातलं मीठ दुकानातल्याच मिठाशी ताडून बघतोय! मग फरक कळणार कसा?"

बुधाजीच्या डोक्यात तिडीक गेली. चार वाफे, बापाने हाताने बांधलेला बांध, सगळं या बाईने एका गोणीपायी घालवलं होतं. तोंडात शिवी येऊन ठेपली. तिने मान आणखी खाली घातली, खांदे आत ओढले, आणि ते ओढलेले खांदे बघून बुधाजीला एकदम एक दुपार आठवली.

वीस वर्षं झाली असतील. मुंबईहून कोणी ओळखीचा जेवायला आला होता. जनीने पानाच्या डाव्या कोपऱ्यात घरचं मीठ वाढलं. बुधाजी सकाळपासून पिऊन बसला होता. "पावन्याला कालं मीठ वाढतंस? लाज काढतंस माजी?" असं म्हणत त्याने मिठाची वाटी अंगणात भिरकावली होती. पाहुणा जेवला की तसाच उठून गेला, ते त्याला आठवत नव्हतं. अंगणात वाकून वाटी शोधणारी जनी मात्र लख्ख आठवत होती. त्यानंतर त्यांच्या घरात पाहुण्यांसाठी पांढऱ्या मिठाची वेगळी बरणी आली. ती बरणी अजून फळीवर आहे, आणि ती तिथे का आहे हे त्याने एकदाही मनात आणलं नव्हतं.

शिवी आली तशी खाली गेली. बुधाजीला स्वतःचीच इतकी शरम वाटली की त्याला बसावंसं वाटलं, आणि तो बसलाही, जनीच्या शेजारी.

"शेट, हिची चूक न्हाय," तो म्हणाला. "हिला मीच शिकवलंय ते. दारूच्या भरात शिकवलं, पन शिकवलं मीच."

जनीने चमकून वर बघितलं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण या माणसाने चारचौघांत स्वतःची चूक कबूल केलेली तिने पहिल्यांदाच ऐकली. तिने डोळे पुसले, आणि मग अचानक काही आठवून पिशवीत हात घातला. कैरीच्या फोडींबरोबरची ती पुडी तिने टेबलावर सोडली. मूठभर करडं, ओलसर, जाड मीठ.

"ह्यं आपलं," ती म्हणाली.

सलिलशेटनी एक खडा उचलून तोंडात टाकला. त्यांचे डोळे बारीक झाले, मग मोठे झाले. "प्राप्ती, बिनमिठाची काढ." प्राप्तीने तिसऱ्या पिंपातून बिअर काढली. पुडीतलं चिमूटभर मीठ थोड्या पाण्यात ढवळलं, गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी ग्लासात घातलं. शेटनी घोट घेतला. प्राप्तीने घेतला. मुंबईच्या जोडप्यालाही राहवेना, ती दोघं उठून आली, आणि त्यांनी घेतलेला घोट भांड्यात थुंकला नाही.

"आधी खारट," प्राप्ती म्हणाली, "मग जराशी कडवट. आणि मग... थांबा... मागून गोडसर येतंय काहीतरी!"

"ती चिखलाची किमया," बुधाजी म्हणाला.  "आमच्या वाफ्याची जमीन बोलतेय ती. पुडक्यातलं मीठ नुसतं खारट. तेला मागून काय येनार?"

"काका, हे सोडून मला दुसरं मीठ नको," सलिलशेट म्हणाले. "आणि पांढरं करून पाठवू नका, हात जोडतो. पाटीवर तुमच्या वाफ्यांचं नाव लिहितो."

"वाफ्यांना कसलं नाव?" बुधाजी हसला. मग जरा थांबून म्हणाला, "लिवायचंच तर हिचं लिवा."

जनीने फोडीला मीठ लावून ती नवऱ्याच्या हातात दिली. मिठाला माळेची आडकाठी नव्हती. बुधाजी कैरी चोखत बसला आणि जनीने समोरचा तिसरा ग्लास संपवला. टाकायचं कसं, आपलं मीठ होतं त्यात. प्राप्तीने आणखी थोडी ओतली, तीही संपली. तिला ती मुळीच आवडली नव्हती, असं ती दोनदा म्हणाली.

निकेतला फोन बुधाजीने तिथूनच लावला. "सोमवारी जेसीबीवाल्याला सांग, पुढच्या चार वाफ्यांना हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. पलीकडून निकेत काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही, पण 'बरं' एवढं कळलं.

चार वाजता दोघं बाहेर पडली तेव्हा खाडीवरचा वारा सुटला होता आणि रस्त्याकडेला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. जनीचा पाय पायरीवर जरासा अडखळला आणि ती खुदकन हसली. बुधाजीने तिचा दंड धरला. धरल्यावर त्याच्या लक्षात आलं, ही पकड कुठली ते. बाजारातून, लग्नघरातून, मिठागरावरून ती त्याला अशीच दंडाला धरून घरी आणायची. लोक बघायचे, आणि ती मान खाली घालून चालायची.

"सोरा, लोक बगतान," जनी म्हणाली.

"बगू दे," बुधाजी म्हणाला. "तू न्हाय सोरलास कदी."

 आज मात्र तिची मान वर होती. अलिबागला एसटी फलाटावर लागेपर्यंत त्याने तिचा दंड सोडला नाही.