बदली माणूस

जहाजावर ‘उतरलो’ हा शब्द आधीच तोंडातून काढायचा नसतो. मुदत संपू दे, बॅग भरून तयार असू दे. बदली माणूस इंजिनघरात येऊन एकेक पंप, एकेक झडप समजून घेत नाही आणि ‘घेतलं’ म्हणत नाही, तोवर तुम्ही चढलेलेच. यंदा इंजिनांना तेल घालणाऱ्या ऑइलरचा बदली महिनोन्‌महिने आलाच नाही. ऑइलरने रोज त्या न पाहिलेल्या माणसाच्या नावाने बोटं मोडली. अखेर तो आला तेव्हा त्याला मिठी मारावी की मुस्कटात, हेच कळेना.

घरी पोचला तेव्हा ऑइलरच्या अंगात त्राण नव्हतं. ताईने ओल्या हातांनीच दार उघडलं.

"उतरलास एकदाचा?"

"उतरलो गं बाई! तो कामचुकार वेळेवर येईल तर शपथ. मी तिकडे मरतोय आणि हा घरी लोळतोय! आता चार दिवस मला उठवू नका."

"झोप. आवाज नाही करणार मी."

आतून आप्पांनी हाक मारली. वडील अंथरुणाला खिळून वर्षं लोटली होती. ताई कंबर धरून वळली. त्यांच्यापायी तिची शाळेतली नोकरी केव्हाच सुटली होती. "तू आलास की बघू," असं ती दर खेपेला म्हणायची आणि तो दर खेपेला खाऊन, झोपून परत जहाजावर चढायचा.

बूट काढता काढता त्याचा हात थांबला. इतके महिने ज्याला शिव्या घातल्या, तो माणूस या घरात आपणच आहोत. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो आत गेला. "ताई, सगळं दाखव. गोळ्या, कूस बदलणं, सगळं."

"आप्पांना घास भरवणं म्हणजे पंपात तेल घालणं नव्हे, बाबा."

"दाखव तर."

तिने दाखवलं. तो चुकला, आप्पांनी शिवी हासडली, त्याने पुन्हा केलं.

"आणि तू परत गेलास की?" ताईने विचारलं.

"माझ्या जागी कुणी आल्याशिवाय जात नाही. घेतलं मी. उतर आता."

ताईने हातातला टॉवेल त्याला दिला, परत घेतला, पुन्हा दिला. मग तिथेच फरशीवर भिंतीला टेकून बसली.

"जरा इथेच बसते," ती म्हणाली. "कुठे जायचं होतं, तेच आठवत नाही."