मास्तरांची तारीख

कैद्याला दवाखान्याची तारीख आधी सांगायची नाही, असा नियम. सांगितली तर तो बाहेर निरोप धाडेल, वाटेत कोणी गाडी अडवेल आणि हवालदाराची नोकरी जाईल. नियम शहाणाच म्हणायचा. फक्त ऑपरेशनला उपाशीपोटी जावं लागतं, हे तो लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मास्तरांच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन त्यापायी दोनदा हुकलं. मास्तर सत्तरीचे, जन्मठेपेचे. चार वर्षांत त्यांच्या भेटीला कोणी फिरकलं नव्हतं. गाडी अडवायला येणार कोण, कपाळ! पण दोन्ही वेळा हवालदार न्यायला गेला तेव्हा ते नाश्ता संपवून बसलेले, आणि भरल्या पोटी भूल द्यायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या.

तिसरी तारीख दोन महिन्यांनी आली. कोठडीचं दार उघडताच मास्तर म्हणाले, "मी काही खाल्लेलं नाही, साहेब."

हवालदाराने आधी मागे वळून पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मागच्या खेपेपासून रात्रीचं आणि सकाळचं रोजच सोडलंय. तुम्ही कधी न्याल, काय नेम?"

हवालदाराने बेडीची एक कडी त्यांच्या मनगटात अडकवली, दुसरी स्वतःच्या. शेवटच्या दात्यापर्यंत आवळली तरी त्यांची कडी सैलच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं, रक्ताचा कागद पाहिला. "या शरीराला भूल झेपायची नाही. महिनाभर नीट खाऊ घाला. उशीर मात्र आता परवडणार नाही." नव्या तारखेची चिठ्ठी त्यांनी हवालदाराकडे दिली.

परतताना दोघे गाडीत मागे बसले. बायको गेल्यापासून हवालदाराला घरी जेवलास का म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. खरं तर तो काय चार शब्द बोलायचा ते याच गाडीत, मास्तरांशी. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, आणि पुढे बसलेल्या ड्रायव्हरचे कान भलतेच तिखट होते.

तुरुंगाचं फाटक दिसू लागलं तसा तो खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "पुढच्या महिन्याची बारा. तोवर पोटभर जेवा, मास्तर. फक्त अकराच्या रात्रीपासून काही खाऊ नका."

मास्तरांनी विचारलं, "आज किती तारीख?"

"पंधरा."

ते बोटांवर दिवस मोजू लागले. बेडीमुळे प्रत्येक बोटागणिक हवालदाराचाही हात थोडा थोडा ओढला जात होता. त्याने तो ओढू दिला.