भाग्यलक्ष्मीची बाजू

मित्रांनो, सुपारी कातरणारा अडकित्ता तुम्ही पाहिला असेल. मी त्याच कुळातला, फक्त अंगाने भारी. माझं काम कैऱ्या फोडण्याचं. गौलीगुड्याच्या बाजारातल्या एका लोहाराने मला घडवलं, जाड लाकडी पाटावर बसवलं आणि मूठ इतकी लांब दिली की कुठल्याही घरात मला ठेवायला जागा सापडू नये.

त्याच शहरातल्या नल्लकुंटा वस्तीतल्या दोन शेजारणींनी मला मिळून विकत घेतलं. एक मराठवाड्याकडची तारामती, दुसरी तेलुगू भाग्यलक्ष्मी. आवकाय नावाच्या तिखट लोणच्यात फोडीला कोयीचा कडक तुकडा लागून असावा लागतो. तिथे विळी हात टेकते. तारामती मूठ दाबायची, भाग्यलक्ष्मी पात्याखाली कैरी धरायची. एरवी वर्षभर मी तारामतीच्या जिन्याखाली, गोणपाटात. मान थोडा, विश्रांती भरपूर.

एका उन्हाळ्यात भाग्यलक्ष्मी पाहुण्यांसमोर म्हणाली, "तारक्काचं लोणचं लई छान असते. बिमार माणसाला पण चालते."

झालं! म्हणजे मिळमिळीत म्हटलं की! बोलणं बंद. पण कैऱ्यांचं पोतं दोघींत एकच, आणि रुसवा जाईपर्यंत कैऱ्या काही पिकायच्या थांबत नाहीत. दोघी माझ्या दोन बाजूंना मुकाट बसल्या. मात्र पात्याखाली बोटं असताना अबोला पाळणं अवघडच. शेवटी तारामती माझ्याकडे बघून म्हणाली, "अडकित्त्या, त्या बाईंना सांग, बोटं काढा म्हणावं."

भाग्यलक्ष्मीही माझ्याशीच बोलली. "त्यांना सांग बाबा, राहू दे बोटं. फोडीत गेली तर बिमारांचं लोणचं जरा तिखट तरी होईल!"

तारामतीला असं हसू फुटलं की मूठ सुटली आणि कैरी गडगडत मोरीत गेली.

गेल्या हिवाळ्यात भाग्यलक्ष्मी वारली. वर्षभर त्या घरात लोणचं घालायचं नाही, अशी त्यांची रीत. तिचे यजमान अप्पाराव यांना तर आवकायशिवाय घास उतरत नाही. तारामतीने ठरवलं, यंदा दोन्ही घरांच्या बरण्या आपणच भरायच्या.

तिचा मुलगा संदेश म्हणाला, "आई, बाजारात कट करून देतात की. हे दे भंगारात."

हा शब्द आमच्या जातकुळीत मोठ्याने उच्चारत नाहीत. तारामती "हो का" म्हणाली आणि तिने माझं गोणपाट सोडलं.

एकटीला जमेना. स्वतःच्या बोटांवर मूठ दाबायला हात कचरत होता. अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडून अप्पाराव बघत होते. ते आले, गुडघे धरत समोर बसले. आजवर ते मला कधी शिवले नव्हते. मेलेला उंदीर उचलावा तशी त्यांनी कैरी दोन बोटांनी पुढे केली.

"आत सरकवा, अप्पारावगारू," तारामती त्यांच्या भाषेतला मान देत म्हणाली.

"आणि बोटं?"

"ती माझ्याकडे लागली."

अप्पारावांनी डोळे मिटले. मूठ खाली आली. डोळे उघडल्यावर त्यांनी आधी बोटं पाहिली, मग दुभंगलेली कैरी.

"भाग्यम इथंच बसायची?"

"इथंच."

"तिला डर नाही वाटायचा?"

"वाटायचा तर! म्हणून तर एवढी बडबड करायची."

पुढची कैरी अप्पारावांनी पुऱ्या पंजाने धरली.

मित्रांनो, आमच्यासारखी अवजारं काम झालं की पुसा, तेलाचं बोट फिरवा, कोरड्या जागी ठेवा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आम्हाला विसरलात तरी आमची तक्रार नाही. शेजाऱ्यांकडे मात्र काम नसतानाही जाऊन बसत जा.