आबांचा कान

तांब्याच्या चकतीचा वायसर खाली, इंजिनातल्या भोकाच्या तळाशी, अजून चमकत होता – शर्टाच्या बटणाएवढा, आणि निघायचं नाव नाही. ऋषिराजने टॉर्च दातात धरला, वाकवलेली तार आत सोडली, वायसर तारेला लागला, अर्ध्यावर आला... आणि टिण्णदिशी पुन्हा खाली. डिझेल फवारणाऱ्या चार नोझलपैकी तीन निमूट निघाले होते. चौथा काजळीत जाम बसला होता, काहिलीच्या बुडाला करपलेला गूळ बसतो तसा, आणि तो उपटताना त्याचा वायसर तेवढा मागे राहिला. तो तसाच ठेवून वर नवा घातला की महिन्याभरात पिकअप पुन्हा दारात. हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलीच गोष्ट मागून कुणी सारखी सांगत राहिलं तर माणसानं काय करावं?

"वायसरवर वायसर घालू नगंस," मागून आबा म्हणाले. "आदी जुना काढ."

काढतोच आहे. सकाळपासून दुसरं काय करतोय मी? – पण तोंडात टॉर्च होता. आबा, म्हणजे त्याचे वडील हंबीरराव, फौजेतल्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं घालवलेले हवालदार. आता कराडच्या या गॅरेजात खुर्ची टाकून बसायचे आणि मुलाच्या पाठीशी बोलायचे. पाठीशीच. कारण इंजिनात वाकलेल्या माणसाची दुसऱ्याला पाठच दिसणार.

वायसर शेवटी निघाला. त्याचा आनंद व्हावा एवढाही वेळ मिळाला नाही, कारण लगेच फोन वाजला – पलूसचे बाहुबलीअण्णा, पिकअपचे मालक. "ऋषी, झाली का गाडी? एसटीनं निघालोय. आरं, दिवस मावळायच्या आत घरी ताटावर बसलं पायजे. न्हाईतर मग सकाळपातूर उपाशी." झालीच अण्णा, तो म्हणाला. "आन् हवालदारांनी कान लावला का?"

लावतील. लावतीलच की!

याच एका गोष्टीने त्याचं डोकं फिरायचं. या गॅरेजातून कुठलीही गाडी आबांनी कान लावल्याशिवाय बाहेर पडत नसे. चालू इंजिनावर स्क्रू पिळायच्या लांब डिसमिसचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, स्तब्ध राहायचं आणि मग सांगायचं – 'जाऊ द्या' किंवा 'वाजतंय'. पाटणपासून पलूसपर्यंत ही ख्याती. ऋषिराजने नव्या इंजिनांचं काम शिकून घेतलं, स्कॅनर घेतला, रात्रंदिवस खपला, चाळिशीला टेकला... पण शेवटचा शब्द डिसमिसचा. एकदा, फक्त एकदाच, आपल्या तोंडच्या शब्दावर एखादी गाडी या फाटकातून जावी, यापलीकडे त्याला काही नको होतं.

आणि वर हे की आबांना ऐकू येत नव्हतं! घरचा टीव्ही चौकापर्यंत ऐकू जायचा. आई, चंद्राबाई, हल्ली हाक मारत नसे, सरळ खांद्याला हात लावायची. कानाचं यंत्र आणलं तर ते म्हणाले, "भुंगा बसल्यागत हुतंय कानात," आणि ते कपाटात गेलं. पण इंजिनाच्या बाबतीत आबा चुकत नसत. हाडातून ऐकू येत असेल, म्हणून ऋषिराजने मनाची समजूत घातली होती... आणि खरं सांगायचं तर त्यांनी एकदा चुकावं अशी वाट पाहिली होती. सख्ख्या बापाबद्दल. शी!

प्रत्येक नव्या नोझलचा स्वतःचा कोड असतो; कुठला कुठल्या भोकात बसणार ते स्कॅनरमधून इंजिनाला सांगावं लागतं. त्याने कोड आधीच भरून ठेवले होते, नोझल त्याच क्रमाने मडगार्डवर मांडले होते. आता ते ओळीने बसवले, पाइप आवळले, चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि पकडलं. पण पकडताच आत टकटक सुरू झाली – बारीक, हट्टी. तो स्कॅनरवर वाकून आकडे पाहू लागला. बाहुबलीअण्णा येऊन उभे होते, नजर उन्हाकडे. आबांनी डिसमिस टेकवला.

टेकवला, आणि नुसतेच उभे राहिले. बराच वेळ. इतका वेळ त्यांना कधीच लागत नसे.

"काय म्हंतंय, हवालदार?" अण्णांनी ओरडून विचारलं.

कपाळाला आठ्या घालून ऋषिराजने मान वर केली, आणि त्याच क्षणी आबा म्हणाले, "वाजतंय. थांबवा."

"बघा! कान म्हंजे कान," अण्णा म्हणाले. "आमाला काय बी कळलं न्हाई."

ऋषिराजचं लक्ष डिसमिसच्या टोकाकडे गेलं. ते इंजिनावर नव्हतंच. ते हवेच्या फिल्टरच्या डब्यावर होतं, जाड प्लॅस्टिकच्या. तिथून ब्रह्मदेवालाही काही ऐकू आलं नसतं. आणि आबांचे डोळे... ते त्याच्या तोंडावर होते. कान लावताना आबा डोळे मिटायचे, असं त्याला लहानपणापासून आठवत होतं. मग कधी उघडले? किती वर्षं झाली? आणि मी बघितलं कसं नाही – बघितलं नाही कारण मी तेव्हा इंजिन ऐकत असायचो... म्हणजे इतके दिवस गाड्या फाटकातून जात होत्या त्या त्याच्याच शब्दावर, फक्त तो शब्द त्याने कधी उच्चारला नव्हता. मागितलेलं कधीचंच मिळालेलं होतं, आणि आता ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

नोझल पाहिले तेव्हा कळलं – दुसरा आणि तिसरा अदलाबदल झालेले. तो फोनवर असताना आबांनी सगळे फडक्याने पुसले होते आणि फौजेच्या शिस्तीत पुन्हा ओळीने लावून ठेवले होते. त्यांच्या काळात चारी सारखेच असायचे. "आबा, तुमीच हलवलेत की हो!" तो ओरडला. आबांनी मान डोलावली, प्रसन्नपणे, कौतुक ऐकल्यासारखी. त्याने स्कॅनरवर दोन कोड आपसात बदलले, चावी फिरवली.

टकटक गेली होती. इंजिन एका लयीत, तृप्त चालत होतं.

आबांनी डिसमिस टेकवला. पुन्हा त्याच डब्यावर. आणि त्याच्याकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "आजून हाय."

अण्णांनी उन्हाकडे पाहून सुस्कारा सोडला. काही नाहीये आबा, गाडी झ्याक आहे – पण ओरडून सांगितलं तर अण्णांना सगळंच कळेल, आणि उद्यापासून आबा त्या खुर्चीत नुसते म्हातारे. त्याने चेहरा सैल सोडला. निदान सोडला असं त्याला वाटलं. आबा बघतच होते. तो हसला, आबांच्या कपाळावरची आठी आणखी खोल झाली. एवढी वर्षं वाचलेलं तोंड, त्याला खोटं हसू फसवणार होतं थोडंच? सकाळपासूनची चीड नेमकी कुठे अडकून राहिलीय, ओठांत, भुवयांत की आणखी आत कुठे, ते तो चाचपू लागला... आणि डिसमिस कानाला लावून आबा थांबले होते, डोळे न हलवता, एखाद्या विद्यार्थ्यासारखे, त्याच्या तोंडावरून उत्तर निघायची वाट पाहत.