सरळ पडणारी गोळी

मी शिशाची एक जुनी गोळी आहे. बंदुकीची नव्हे, गळाची. हरभऱ्याहून थोडी मोठी, एका टोकाला निमुळती, आणि मधून आरपार भोक असलेली. मित्रांनो, मासा नकली गांडुळाला भुलतो हे तुम्ही ऐकले असेल. पण ते मऊ प्लास्टिकचे गांडूळ इतके हलके असते की एकट्याने नीट बुडत नाही. त्याला पाण्याखाली घेऊन जाते ती मी. माशाला मी दिसू नये, यातच माझे कौशल्य.

माझा जन्म जुन्या बॅटऱ्यांमधल्या शिशातून झाला. शिसे लवकर वितळते आणि लवकर थिजते, म्हणून माझे बालपण फारच थोडे. लोखंडी साच्यातून निघाले, बहिणींबरोबर एका पुडीत बसले आणि नागपूरच्या मनीषनगरातल्या एका घरात येऊन पोहोचले.

त्या घरात कृष्णकांतराव आणि प्रमोदिनीबाई राहत. कृष्णकांतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि फोनवर पाहून पाहून त्यांना गळाचा नाद लागला होता. प्रमोदिनीबाईंनी कॉलेजात मुलांकडून पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिके करून घेण्यात उमेदीची वर्षे घालवली होती. कुहीच्या बाजूला एक तळे आहे, कमळांनी भरलेले. तिथे मरळ मासा मिळतो. कृष्णकांतराव दर रविवारी तिथे जात आणि दर रविवारी शेवाळ घेऊन परत येत.

एकदा बाईंनी फाटलेले गांडूळ हातात घेऊन निरखले आणि चूक कुठे होते ते त्यांच्या लक्षात आले. मी दोरीवर मोकळी सरकत होते. कमळाच्या देठांमध्ये मी एकीकडे जायची, गांडूळ दुसरीकडे अडकायचे. त्यांनी खराट्याची बारीक काडी घेतली, माझ्या भोकात दोरीच्या शेजारी खुपसली आणि उरलेली मोडून टाकली. मी जागेवर घट्ट बसले. मग गळाचे टोक त्यांनी गांडुळाच्या अंगात असे लपवले की ते देठाला अडकू नये, पण माशाने चावा घेताच बाहेर यावे.

त्याआधी त्यांनी आम्हा सगळ्या बहिणींना एकेक करून पाण्याच्या बादलीत सोडले होते. कोणी गिरक्या घेत गेल्या, कोणी तिरक्या. मी सरळ खाली गेले. “ही बरी आहे,” त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यात माझे झालेले कौतुक ते एवढेच. मला हाताळून झाले की त्या साबणाने हात धूत, कारण शिसे पोटात जाणे वाईट. तुम्हीही धूत जा.

त्यानंतर मरळ मिळू लागले. कॉलनीतले लोक संध्याकाळी चहाला येत आणि कृष्णकांतरावांच्या हाताला गुण आहे म्हणत. “अंदाज यावा लागतो,” ते सांगत. दर शनिवारी गळ कोण बांधते, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. बाई आत कप विसळत असत. मी जेवणाच्या टेबलावर डबीत असे. आम्हा दोघींना सगळे ऐकू येई.

बाईंना एकदा स्वतः गळ टाकून पाहायचा होता. आपण विचार करून बांधलेली गोष्ट पाण्यात कशी वागते, ते त्यांना आपल्या हाताने कळायला हवे होते. एवढेच त्यांना हवे होते. त्यांनी तसे सांगितलेही. कृष्णकांतराव म्हणाले, उन्हाळा सरू दे. मग म्हणाले, तिथे साप असतात. मग म्हणाले, तिथे बाईमाणसाची सोय नाही. तोवर बाई दुपारच्या वेळी गच्चीवर मला नुसत्या दोरीला बांधून टपात फेकायला शिकल्या. सुरुवातीला मी शेजारच्या गच्चीवरही जाऊन पडले. पुढे पुढे मात्र टपाच्या मध्यावरच पडू लागले.

शेवटी एका हिवाळ्यातल्या सकाळी त्या तळ्यावर गेल्या. कृष्णकांतरावांनी त्या दिवशी दुकानातून आणलेला नवा, चकचकीत गळ लावला होता. बाई थर्मास घेऊन तळ्याच्या पाळीवर, बांधावर, बसल्या. ऊन चढले तरी काही लागेना. तळ्याची राखण करणारा लहानू जवळच उकिडवा बसला होता. त्याने शेवटी तोंड उघडले.

“बाईले एकडाव टाकू द्या ना, साहेब. तुमचं तं सकाळपासून गवतच निघून राहिलं.”

कृष्णकांतराव हसले आणि जुनी काठी त्यांनी बाईंकडे दिली. तिच्या टोकाला मी होते.

बाईंनी मला दोन मोठ्या पानांच्या मधल्या फटीत टाकले. मी सरळ खाली गेले. गांडूळ माझ्यामागून शेपटी हलवत येत होते. बाईंनी घाई केली नाही, दोरी ओढली नाही. मी गाळाला टेकणार, तेवढ्यात मरळाने झडप घातली. गळ त्याच्या जबड्यात रुतला आणि मी त्याच्या तोंडाबाहेर लोंबकळू लागले. दोरी ताणली गेली. तो ताण धरणारा हात स्थिर होता. मासा जोर करी तेव्हा तो हात दोरी सैल सोडी, मासा थकला की गोळा करी. असा हात मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

आणि मग एकदम हिसका बसला. कृष्णकांतरावांनी काठी धरली होती.

“दे, दे इकडे. सोडशील तू.”

“सोडत नाही. मला काढू द्या.”

“अगं, मोठा आहे तो. दे.”

क्षणभर एका काठीवर चार हात होते आणि दोरी तुटायच्या बेतात होती. मग दोन हात सुटले.

मासा बाहेर आला. कृष्णकांतरावांनी तो दोन्ही हातांत धरला आणि लहानूला फोटो काढायला सांगितले. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“जरा बाजूला हो,” ते म्हणाले. “तुझी सावली पडून राहिली माशावर.”

त्या बाजूला झाल्या.

लहानू फोन परत देताना म्हणाला, “साहेब, मासा तं बाईले लागला होता.”

“अरे, पण बाहेर कोणी काढला?” कृष्णकांतराव हसत म्हणाले आणि त्यांनी मासा परत तळ्यात सोडून दिला. बाईंनी त्याला हातही लावला नव्हता.

ते हात धुवायला पाण्याशी गेले, तेव्हा लहानूने हळूच विचारले, “बाई, काठी काहून सोडली तुमी?”

“दोरी तुटली असती,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळीकडे गेला. पुण्याहून मुलीचा, गार्गीचा फोन आला. तिने बाबांचे भरभरून कौतुक केले. मग आईला विचारले, तू होतीस का बरोबर? आई म्हणाली, “होते.”

पुढच्या शनिवारी कृष्णकांतरावांनी डबी पुढे सरकवली. बाई म्हणाल्या, “तुमचं तुम्ही बांधा.” एका माशासाठी इतका राग, असे म्हणून ते स्वतः बांधायला बसले. काडी खुपसताना ती मोडली, म्हणून त्यांनी ती लावलीच नाही. पुन्हा शेवाळ येऊ लागले. काही महिन्यांनी ते सांगू लागले की तळ्यात आता मासाच उरला नाही. बाईंनीही काठीला पुन्हा हात लावला नाही. तळ्यावर जायचे तर त्यांच्याबरोबरच जावे लागले असते.

आता डबी माळ्यावर आहे. निरनिराळी मऊ प्लास्टिके एकत्र ठेवली की उन्हाळ्यात एकमेकांना विरघळवतात. सगळ्या गांडुळांचा मिळून एक चिकट गोळा झाला आहे आणि मी त्यात रुतून बसले आहे. माझ्या अंगावर पांढुरकी भुकटी धरली आहे.

मित्रांनो, मला माळ्यावरून काढा असे मी म्हणणार नाही. मी शिसे आहे, मला घाई नाही. मागायचे ते एवढेच. तुमच्या शेजारी एखादीच्या हातात काठी असेल आणि गळाला मासा लागला असेल, तर तिला हवे असल्यास धीर द्या, हवे असल्यास गप्प उभे राहा, पण हात पुढे करू नका. मासा सुटेल कदाचित. सुटू द्या. प्रमोदिनीबाईंच्या हातून तो सुटला असता, तरी तो त्यांचाच राहिला असता.