शंभर पावत्यांचा सत्कार

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवमन टेलरचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाची टपरी, एक बाक आणि शिलाई मशीन. मशीन सोडून बाकी सगळं वाऱ्यानं उडालं असतं तरी देवमनचं काही अडलं नसतं. मशीन हप्त्यांवर घेतलेली होती आणि ती मिळवून दिली होती हप्ता कंपनीच्या शालिग्रामनं. हा शालिग्राम मोठा परोपकारी माणूस. त्यानं देवमनच्या भल्याची जेवढी काळजी केली तेवढी सख्ख्या बापानंही केली नसेल.

"उद्या आजारी पडला, हातपाय मोडला, त हप्ता कंपनी भरते," असं सांगून त्यानं मशीनसोबत हप्त्याच्या विम्याची पावती फाडली. विमा नको असेल तर मशीन यायला दिवाळी उजाडेल, तीही कोणत्या सालची ते सांगता येत नाही, असंही तो प्रेमानं म्हणाला. तेव्हापासून देवमन दर महिन्याला हप्ता भरी आणि वरून विम्याचे दोन रुपये भरी. गरिबाला असल्या चैनी परवडतातच.

दुसऱ्या वर्षी देवमनला मुदतीचा ताप आला. दोन महिने तो अंथरुणाला खिळला. त्याची बायको वच्छला काळजीनं अर्धी झाली, पण हा पठ्ठ्या निर्धास्त. आपला विमा हाय, असं तो तापातही बरळे. ताप उतरला आणि कंपनीचं पत्र आलं. विमा फक्त पगारी नोकरदारांसाठी आहे, तेव्हा मालकाचा रजेचा दाखला जोडावा, नाहीतर हप्ते थकल्याबद्दल मशीन उचलण्यात येईल.

आता देवमननं मालक कुठून आणावा? त्याचा मालक तोच आणि नोकरही तोच, आणि दोघंही एकाच वेळी तापानं फणफणलेले. त्यानं कंपनीच्या वाशीमच्या कचेरीत तक्रार नेली. तिथल्या कारकुनानं सांगितलं, तक्रार छापील फारमावर पाहिजे. फारम भरून नेला तर म्हणाला, तीन प्रती पाहिजेत. तीन प्रती नेल्या तर म्हणाला, तक्रार ज्यानं विमा दिला त्याच्यामार्फतच यायला हवी. म्हणजे शालिग्रामची तक्रार शालिग्रामकडेच द्यायची. कंपनीनं किती विचार करून नियम केले होते बघा.

शालिग्रामनं तक्रार आदरानं घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. पावतीच्या मागं सगळं छापलं होतं, देवमननं वाचायला पाहिजे होतं, एवढं शहाणपण त्यानं फुकट दिलं. तिथली अक्षरं खसखशीएवढी होती, ती गोष्ट वेगळी. मग त्यानं पिशवीतून टेरीकॉटचं कापड काढलं. विम्याच्या शंभर पावत्या फाडल्याबद्दल येत्या रविवारी वाशीमला त्याचा सत्कार होता, मोठे साहेब येणार होते, आणि त्याला कोट शिवून हवा होता. लाज नावाची वस्तू कोणाकोणाच्या घरी जन्मतःच नसते. देवमनचं पित्त खवळलं, पण घरात पीठ नव्हतं. त्यानं माप घेतलं.

कोट कापून झाला, अंगावर घालून पाहण्यासाठी कच्चे टाके घातले, आणि शुक्रवारी कंपनीची दोन माणसं हातगाडी घेऊन आली. कागदावर शालिग्रामची सही होती. मशीन गेली. वच्छला टपरीच्या दारात उभी राहून हातगाडीकडे बघत राहिली. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

रविवारी दुपारी शालिग्राम कोट न्यायला आला. कोट तयारच होता, फक्त शिवलेला नव्हता.

"हातानं शिव ना मंग," शालिग्राम म्हणाला.

"हात अजून थरथरून राह्यला भाऊ. माहा ताप कंपनीले मान्य नाही, पन हाताले मान्य हाय."

शालिग्राम आधी चिडला, मग घाबरला. बसची वेळ झाली होती. शेवटी तो कच्च्या टाक्यांचाच कोट घालून निघाला आणि वाटेत टाका उसवला तर असावा म्हणून देवमनला सुईदोऱ्यासकट सोबत घेतलं. तिकीटही त्यानंच काढलं. हात आखडून ठेवा, एवढंच देवमननं बजावलं.

मांडवातल्या खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून कंपनीनं विमा काढलेल्या शंभरही जणांना चहा-चिवड्यावर बोलावलं होतं. सायकली दुरुस्त करणारा जगदेव होता, बांगड्या विकणारी गोमतीबाई होती, बैलांना नाल ठोकणारा भाऊसिंग होता. साहेबांनी हार घातला आणि फोटोसाठी शालिग्रामचा हात धरून त्याला जवळ ओढलं. शालिग्राम जागेवर राहिला आणि उजवी बाही साहेबांच्या हातात आली.

मांडव खदखदून हसला. साहेब लालबुंद होऊन म्हणाले, "कोणी शिवला हा कोट?"

देवमन सुईदोरा घेऊन मांडवाच्या कडेलाच उभा होता. तीन तक्रारींनी जे जमलं नाही ते एका बाहीनं जमवलं होतं, साहेब स्वतः विचारत होते. तो पुढे झाला.

"मीनं, साहेब. शिवायची मशीन तुमच्या कंपनीनं परवा उचलून नेली. मी दोन महिने आजारी होतो. हप्त्याचा विमा होता, पन मी नोकरदार नाही म्हन्ते. मंग हा विमा मले दिला काहून?"

साहेब हुशार माणूस. एका शिंप्यापायी सत्काराचा विचका नको, म्हणून ते मायेनं हसले. शंभरातली एखादी पावती चुकते, असं म्हणून ते मांडवाकडे वळले. "ही एक चूक झाली असेल. जे पगारी नोकरदार आहेत त्यांनी हात वर करा बरं."

जगदेवनं गोमतीबाईकडे पाहिलं, गोमतीबाईनं भाऊसिंगकडे पाहिलं. नव्याण्णव जणांचे हात मांडीवर तसेच राहिले.

साहेबांच्या हुकमाची सवय माणसाला फार वाईट. एक हात तेवढा वर आला, तोही व्यासपीठावर, शालिग्रामचा. त्याला बाही नव्हती.

मंगळवारी देवमनची मशीन परत आली आणि थकलेल्या हप्त्यांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. विम्याचे पैसे परत मागणाऱ्या बाकीच्या नव्याण्णवांची रांग वाशीमच्या कचेरीसमोर महिनाभर होती. देवमननं पहिलं काम बाहीचंच घेतलं. पक्की शिवली, दुहेरी टीप मारून. शिलाई मात्र त्यानं आगाऊ घेतली.